खांबावरचा नंबर : इंग्लंडमधल्या नव्या वसाहतीत सोयी पदरात पाडून घेताना

रेडिंगच्या दक्षिणेला, एम-फोर मोटरवे ओलांडला की शिनफिल्ड, थ्री माइल क्रॉस आणि स्पेन्सर्स वूड ही गावं लागतात. वोकिंगम बरोच्या २०१० सालच्या विकास आराखड्यात या पट्ट्यासाठी सुमारे अडीच हजार घरं धरलेली होती. तेव्हाच्या शेतांवर आता विटांची घरं आहेत, रेडिंग विद्यापीठाच्या जमिनीवर सायन्स पार्क आणि चित्रीकरणाचे स्टुडिओ आहेत. मे २०२३ मध्ये जवळचं ग्रीन पार्क स्टेशनही सुरू झालं. आयटीतल्या नोकरीमुळे या बाजूला आलेली मराठी कुटुंबं बरीच आहेत. घर घेताना स्वयंपाकघर, बाग, शाळा सगळं नीट बघितलं जातं. बाहेरचा रस्ता मात्र कुणाचा आहे, हे कुणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं.

पहिल्या हिवाळ्यात रस्त्यावरचा एखादा दिवा बंद पडतोच. डिसेंबरात दुपारी चारला अंधारतं, त्यामुळे ते लगेच जाणवतं. अशा वेळी खांबापाशी जाऊन त्यावरचा नंबर वाचायचा. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, संकेतस्थळावर दिव्यांची तक्रार नोंदवायला नकाशा असतो आणि त्यावर खांबांचे ठिपके असतात. तुमच्या खांबाला ठिपकाच नसेल किंवा खांबावर नंबरच नसेल, तर तो दिवा बहुधा अजून कौन्सिलचा झालेला नाही. फॉर्म भरून उपयोग नाही. ‘आमच्या यादीत हा खांब नाही’ असं उत्तर येईल. तक्रार बिल्डरच्या साइट ऑफिसकडे करायची. ते बंद झालेलं असलं, तर त्यांच्या प्रादेशिक कार्यालयातल्या ‘टेक्निकल’ विभागाकडे. विक्रीनंतरची दुरुस्ती बघणारा ‘कस्टमर केअर’ घराच्या आतलं बघतो. रस्त्याची तक्रार तिथे पाठवली की महिने वाया जातात.

खात्री करायची जागा एकच. १९८० च्या हायवेज कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे प्रत्येक स्थानिक हायवे खात्याला सार्वजनिक खर्चाने देखभाल होणाऱ्या रस्त्यांची यादी ठेवावी लागते. तिला ‘लिस्ट ऑफ स्ट्रीट्स’ म्हणतात आणि ती कुणालाही बघता येते. त्यात तुमच्या रस्त्याचं नाव नसेल, तर कचऱ्याची गाडी येत असली, पोस्ट येत असलं, कौन्सिल टॅक्स पूर्ण भरत असलात, तरी तो रस्ता खाजगी आहे.

पुण्यात वाकड-बाणेरकडे राहून आलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. इथे फरक असा की सगळा व्यवहार कागदावर असतो आणि तो कागद बहुतेक वेळा घरबसल्या उघडता येतो.

रस्ता कौन्सिलने ताब्यात घेण्याला ‘अडॉप्शन’ म्हणतात. त्यासाठी बिल्डर आणि कौन्सिल यांच्यात त्याच हायवेज कायद्याच्या कलम ३८ चा करार होतो. बिल्डर ठरलेल्या दर्जाचा रस्ता बांधतो, काम अर्धवट राहिलं तर ते पूर्ण करता यावं म्हणून बाँड, म्हणजे पैशाची हमी, देतो. काम पुरं झाल्यावर तपासणी, मग साधारण बारा महिने देखभालीची मुदत, त्यात निघालेल्या दोषांची दुरुस्ती, शेवटचं प्रमाणपत्र आणि त्यानंतर ताबा. कागदावर हे सरळ दिसतं. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं घोंगडं भिजत पडतं. त्याची कारणं आधीच कळली असती, तर कितीतरी पत्रं योग्य पत्त्यावर गेली असती, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

पहिलं कारण रस्त्याच्या वरच्या थराचं. खडीच्या पायावर डांबराचा खालचा थर टाकतात, त्याला बाइंडर कोर्स म्हणतात. आपण राहायला येतो तेव्हा गाड्या या थरावरून चाललेल्या असतात. तीन-चार सेंटिमीटरचा शेवटचा थर सगळ्यात शेवटी येतो, कारण त्याआधी सिमेंट आणि विटांचे ट्रक त्यावरून गेले तर तो फुटतो. मधल्या काळात मॅनहोलची झाकणं रस्त्याच्या वर डोकं काढून उभी राहतात आणि टायर आपटतात. पाणी जाण्याच्या जाळ्याही शेवटच्या उंचीवर बसवलेल्या असतात. म्हणून पाणी जाळीपर्यंत चढतच नाही आणि तिच्याभोवती डबकं साचतं. ड्रेनेज तुंबलंय म्हणून ते साफ करवून घेण्यात अर्थ नाही. झाकणाभोवती डांबराचा तात्पुरता उतार करून द्या आणि जाळीची कड तात्पुरती खाली घ्या, अशी नेमकी मागणी करायची. ती मान्य होते, कारण ते एका दिवसाचं काम आहे.

यातूनच घर निवडताना उपयोगी पडणारी एक गोष्ट निघते. परवानगीच्या कागदांत ‘फेजिंग प्लॅन’ असतो, म्हणजे कुठला भाग आधी आणि कुठला नंतर. बांधकामाच्या गाड्यांचा रस्ताही त्यात दाखवलेला असतो. तुमच्या दारावरून शेवटच्या टप्प्याचे ट्रक जाणार असतील, तर तुमचं घर पहिल्या वर्षी पुरं झालं तरी तुमचा रस्ता सगळ्यात शेवटी होणार. मागच्या गल्लीतलं घर वर्षभर उशिरा विकलं जातं, पण त्याचा रस्ता कदाचित आधी ताब्यात जातो.

दुसरं कारण जमिनीखाली असतं. रस्त्याखालची सांडपाण्याची नळी वॉटर कंपनीने ताब्यात घ्यावी लागते. त्याचा करार वेगळा, १९९१ च्या वॉटर इंडस्ट्री कायद्याच्या कलम १०४ खालचा. नळीतून कॅमेरा फिरवतात. कुठे सांधा सरकलेला, कुठे बांधकामाचं सिमेंट आत घट्ट बसलेलं निघतं आणि दुरुस्ती मागितली जाते. ती होईपर्यंत कौन्सिल सहसा वरच्या रस्त्याला हात लावत नाही, नाहीतर ताब्यात घेतलेला रस्ता पुन्हा खणावा लागेल. म्हणून बिल्डरला ‘रस्ता कधी देणार’ असं विचारू नका; ‘लवकरच’ हे उत्तर ठरलेलं आहे. कलम ३८ चा करार झालाय का आणि कुठल्या तारखेला, देखभालीची मुदत सुरू झाल्याचं प्रमाणपत्र मिळालंय का, कलम १०४ ची नळी कुठल्या टप्प्यावर आहे, दोषांच्या यादीत काय काय उरलंय आणि बाँड अजून जिवंत आहे का, असं विचारा. हेच प्रश्न कौन्सिलच्या हायवे अडॉप्शन विभागालाही पाठवा. दोघांची उत्तरं शेजारी ठेवली की अडलंय कुठे ते दिसतं. करारच झालेला नसेल तर तो धोक्याचा कंदील समजा. घराचा व्यवहार अजून व्हायचा असेल, तर तो तिथेच थांबवून सॉलिसिटरला, म्हणजे आपल्या वकिलाला, याची चौकशी करायला सांगा.

सगळेच रस्ते ताब्यात जात नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. चार-पाच घरांची फरसबंदी गल्ली, घरामागचं पार्किंग, खेळाचं मैदान, पावसाचं पाणी साठवणारं तळं हे बहुतेकदा मॅनेजमेंट कंपनीकडे राहतं. कुठला तुकडा कुणाचा, हे तुमच्या टीपी-वन नावाच्या हस्तांतरणपत्रातल्या रंगीत नकाशात असतं. तो हाताशी नसेल तर लँड रजिस्ट्रीकडून मिळकतीचा उतारा आणि नकाशा प्रत्येकी सात पौंडांत काढता येतात. रंग मूळ प्रतीतच बघा. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर गुलाबी आणि निळा सारखेच दिसतात आणि त्यावरून भांडणं होतात.

या कंपनीची वर्गणी दरवर्षी येते. बिल आलं की नुसता एकूण आकडा बघू नका, तपशील मागा. गवतकापणी, मैदानाची तपासणी, विमा, राखीव निधी आणि व्यवस्थापनाची स्वतःची फी असे निदान पाच आकडे वेगळे दिसले पाहिजेत. ज्या हिरवळीचे पैसे मागितलेत, ती खरंच कंपनीकडे सोपवली गेली आहे का, की अजून बिल्डरकडे आहे, हे विचारा. अजून न सोपवलेल्या जागेची वर्गणी बिलात आलेली आढळते आणि लेखी विचारलं की ती कमी होते. मात्र रागाच्या भरात पैसे अडवून ठेवू नका. अनेक हस्तांतरणपत्रांत ही वर्गणी ‘रेंटचार्ज’, म्हणजे मिळकतीवरच बसवलेला आकार, म्हणून असते आणि १९२५ च्या मालमत्ता कायद्याच्या कलम १२१ मुळे चाळीस दिवस थकबाकी राहिली तर घरावरच हक्क सांगण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. रक्कम लहान असली तरी हे कलम मोठं आहे. निषेध लेखी नोंदवून पैसे भरा आणि मग वाद घाला. ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने (सीएमए) फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात नव्या वसाहतींतल्या सामायिक सोयी कौन्सिलांनी ताब्यात घेणं सक्तीचं करावं अशी शिफारस केली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात झालेल्या कायद्यात अशा वर्गणीला आव्हान देण्याची तरतूद आली, पण कायदा मंजूर होणं आणि त्यातली कलमं लागू होणं या दोन वेगळ्या तारखा असतात. आपलं कलम लागू झालंय का, ते आधी बघा.

आता बस, शाळा, मैदान, सायकलमार्ग. हे सगळं कुठून येतं? १९९० च्या नियोजन कायद्याच्या कलम १०६ खाली बिल्डर आणि कौन्सिल यांच्यात करार होतो. नव्या वसाहतीत राहणाऱ्याने एकच कागद वाचायचा असेल तर तो हा वाचावा. कौन्सिलच्या नियोजन पानावर मूळ परवानगीचा अर्ज उघडायचा. ‘आउटलाइन’ अर्ज, नंतरचे तपशिलाचे नव्हेत. त्यातलं ‘लीगल अॅग्रीमेंट’ उतरवून घ्यायचं. पानं शंभरावर असली तर घाबरू नका, फाइलमध्ये ‘ऑक्युपाय’ हा इंग्रजी शब्द शोधा. प्रत्येक सोयीला एक आकडा बांधलेला असतो. अमुक घरांत लोक राहायला येण्याआधी मैदान तयार हवं, तमुक घरांआधी बससाठीचा पहिला हप्ता भरलेला हवा, अशा भाषेत.

हा आकडा विकलेल्या घरांचा नसतो, राहत्या घरांचा असतो, आणि गोंधळ इथेच होतो. म्हणून गल्लीवार राहती घरं मोजावीत. दिवे लागलेली, कचऱ्याचे डबे बाहेर येणारी घरं मोजली की अंदाज पुरेसा बरोबर येतो. आकडा ओलांडलेला दिसला की कौन्सिलच्या कलम १०६ देखरेख अधिकाऱ्याला परिशिष्टाचा क्रमांक आणि परिच्छेद लिहून एक छोटं पत्र पाठवा. ‘आमच्या मुलांना खेळायला जागा नाही’ या वाक्यापेक्षा ‘दुसऱ्या परिशिष्टाच्या चौथ्या परिच्छेदातली अट’ या शब्दांना लवकर उत्तर येतं. भावना खरी असते, पण फाइल परिच्छेदावर हलते. मिळालेले आणि खर्च झालेले पैसे कौन्सिलने दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत जाहीर करायचे असतात, तोही तक्ता बघा. ठरल्या मुदतीत न वापरलेले पैसे बऱ्याच करारांत बिल्डरला परत द्यावे लागतात.

बसबद्दल थोडं मागे जावं लागेल. लंडनबाहेर बहुतेक ठिकाणी ऑक्टोबर १९८६ पासून बससेवा खुल्या बाजारात आहे. कुठली बस कुठून जाईल हे बस कंपनी ठरवते. ती तोट्यात चालणार असेल तर कौन्सिल पैसे देऊन चालवून घेऊ शकते. रेडिंग बसेस ही कंपनी रेडिंग कौन्सिलच्या मालकीची आहे आणि देशात अशा थोड्याच उरल्यात. नव्या वसाहतीची बस पहिली काही वर्षं कलम १०६ च्या पैशावर चालते. ते संपेपर्यंत प्रवासी जमले नाहीत तर फेऱ्या घटतात, मग लोक दुसरी गाडी घेतात आणि बस आणखी रिकामी पळते. म्हणून पहिल्या दोन वर्षांत बसने जाणं ही तिच्यासाठी मतदान करण्यासारखी गोष्ट आहे.

बस वसाहतीच्या आत न येण्याची कारणं साधी असतात. दोन टप्प्यांना जोडणारा रस्ता पुरा नसतो, त्यामुळे बसला वळायला जागा नसते. रस्ता साडेसहा मीटर रुंद ठेवलेला असला तरी दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असल्या की समोरासमोर दोन बस निघत नाहीत. वळणावर फुटपाथला एक चाक चढवून लावलेली एक व्हॅन पुरते. चालक दोनदा अडकला की कंपनी फेरी मुख्य रस्त्यावरून फिरवते. अशा वेळी कंपनीला फोटो, वार, वेळ पाठवा आणि शेजाऱ्यांशी आधी बोला; निम्म्या वेळा ती गाडी आपल्यापैकीच कुणाच्या पाहुण्याची असते.

वेळापत्रकाबद्दल लिहिताना ‘फेऱ्या वाढवा’ असं मोघम लिहू नका. शाळा किती वाजता सुटते, रुग्णालयाची पाळी किती वाजता सुरू होते, लंडनची कुठली गाडी पकडायची असते आणि त्या फेरीला किती जण चढतील, हे लिहा. वेळापत्रक बदलायचं तर बससेवांची नोंद ठेवणाऱ्या ट्रॅफिक कमिशनरकडे किमान ४२ दिवस आधी नोंद करावी लागते आणि त्याआधी स्थानिक कौन्सिलला २८ दिवस द्यावे लागतात. म्हणजे सप्टेंबरात शाळा उघडताना बदल हवा असेल तर मागणी मे महिन्यातच जायला हवी. नव्या घराबरोबर ‘ट्रॅव्हल प्लॅन’चं पाकीट मिळतं, त्यात बसची किंवा सायकलची कुपनं असतात. ते रद्दीत टाकू नका, कुपनांना मुदत असते. पाकीट मिळालं नसेल तर बिल्डरकडून मागून घ्या, तेही कराराचाच भाग आहे. इंग्लंडमध्ये एकेरी बसभाडं जानेवारी २०२५ पासून तीन पौंडांपर्यंत मर्यादित आहे.

रेल्वेत एकच चूक नेहमी होते. रेडिंगहून एलिझाबेथ लाइनने लंडनला जाताना बँकेचं काँटॅक्टलेस कार्ड चालतं, लंडनचं ऑयस्टर कार्ड चालत नाही; ते वेस्ट ड्रेटन स्टेशनच्या पुढे चालत नाही. आठवड्यातून दोन दिवस कार्यालयात जाणाऱ्यांनी २८ दिवसांत आठ दिवस वापरता येणारं फ्लेक्सी सीझन तिकीट आणि सुटी तिकिटं यांचा हिशोब करावा. तीन दिवस जायचं असेल तर हिशोब पुन्हा वेगळा.

शाळेचा घोळ नव्या वसाहतीत जास्त, कारण नवी शाळा बहुतेकदा घरांनंतर येते. प्राथमिकचा अर्ज १५ जानेवारीपर्यंत, निकाल १६ एप्रिलला. माध्यमिकचा ३१ ऑक्टोबरपर्यंत, निकाल १ मार्चला. मधेच राहायला आलात तर ‘इन-इयर’ अर्ज करायचा. त्याचं उत्तर पंधरा शालेय दिवसांत द्यावंच लागतं. प्रतीक्षायादीबद्दल एक गैरसमज सगळ्यांचा असतो: आधी नाव घातलं म्हणजे आधी नंबर लागेल. तसं नाही. नवं नाव आलं की यादी नियमांप्रमाणे पुन्हा लावली जाते आणि शाळेजवळच्या घरातलं मूल तुमच्या पुढे जातं. नव्या वसाहतीत अशी घरं दर महिन्याला भरत असतात, म्हणून तिसऱ्या नंबरवरून सातव्यावर गेल्याचं पत्र आलं तर त्यात काही काळंबेरं नाही. पहिल्या तीन इयत्तांत वर्गात तीस मुलांची कायद्याची मर्यादा आहे, त्यामुळे तिथे विनंतीने काही होत नाही. पर्याय भरताना मिळेल अशी खात्री असलेली एक शाळा शेवटी ठेवाच.

डॉक्टरचं थोडक्यात. नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवणं आवश्यक नाही. तो मागून परत पाठवलं तर एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, हा नियम नम्रपणे दाखवा. करारातून दवाखान्याच्या इमारतीला पैसे मिळतात, डॉक्टर मिळत नाहीत. इमारत तयार असूनही ती रिकामी राहते ती यामुळे. हा प्रश्न बिल्डरला विचारून उपयोग नाही, तो एनएचएसच्या स्थानिक इंटिग्रेटेड केअर बोर्डाला विचारावा.

यातलं बरंचसं पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत सुटतं, आणि तिथे आपली माणसं जात नाहीत याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. पॅरिश म्हणजे चर्चचं काही नव्हे, ही आपली ग्रामपंचायत. बैठकीची विषयपत्रिका तीन पूर्ण दिवस आधी लावावी लागते, बैठक सर्वांना खुली असते आणि सुरुवातीला रहिवाशांना बोलायला बहुधा काही मिनिटं मिळतात. नव्या घरांवरच्या विकास शुल्कातला १५ टक्के भाग तिच्याकडे येतो, मंजूर नेबरहूड प्लॅन, म्हणजे गावाचा स्वतःचा विकास आराखडा, असेल तर २५ टक्के. बाकं, फुटपाथ, हॉलची डागडुजी यातून होते. भारतीय पासपोर्टवर व्हिसा घेऊन राहणाऱ्यांनाही कॉमनवेल्थ नागरिक म्हणून इथे मतदार होता येतं आणि मतदान केंद्रावर ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. हे दहा-दहा वर्षं राहिलेल्यांनाही माहीत नसतं. कोथिंबीर-मेथी लावायला जागा हवी असेल तर १९०८ च्या कायद्याप्रमाणे सहा मतदारांनी मिळून पॅरिशला लेखी मागणी केली की तिला ती विचारात घ्यावीच लागते. पूर्ण आकाराचा वाफा अडीचशे चौरस मीटरचा असतो, दोन घरांनी अर्धा-अर्धा घ्यावा.

गणपतीसाठी हॉल घेताना भाड्याआधी छतावरचा सेन्सर विचारा. धुरावर चालणारा असेल तर कापुराच्या आरतीला अलार्म वाजतो आणि सगळा हॉल पावसात बाहेर उभा राहतो. उष्णतेवर चालणारा असेल तर अडचण नाही. उघड्या ज्योतीला हॉलच्या विम्यात परवानगी आहे का, हे लेखी घ्या. मांडणी आणि झाडलोटीचे तास भाड्यात धरा. गल्लीतच दहीहंडी किंवा स्ट्रीट पार्टी करायची असेल, तर रस्ता बंद करायची परवानगी कौन्सिल फक्त तिच्या रस्त्यासाठी देते. रस्ता अजून बिल्डरचा असेल तर परवानगी त्याच्याकडून घ्यावी लागते.

ताबा होतो तेव्हा कुणी येऊन सांगत नाही. दर सहा महिन्यांनी लिस्ट ऑफ स्ट्रीट्स उघडून बघायची. नाव दिसलं की कौन्सिलकडून अडॉप्शनचं पत्र तारखेसह मागून घ्या आणि टीपी-वनच्या नकाशाशेजारी ठेवा. घर विकताना समोरचा सॉलिसिटर ते मागतोच. मग संध्याकाळी दिव्यांच्या नकाशावर जाऊन आपल्या खांबाचा ठिपका आलाय का ते बघा. कधी रस्ता ताब्यात जातो आणि दिव्यांची नोंद मागे राहते. तसं असेल तर खांबाचा नंबर आणि ते पत्र जोडून त्याच दिवशी कळवा, पुढचा डिसेंबर यायच्या आत.